आतल्या घडीवरचा मजकूर

मु. आपलंच गाव, पो. बोर्ली पंचतन
२० जानेवारी २०२५

प्रिय गोदू,

फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी तुझी तब्येत विचारली आणि तू मला बोंबलाचा भाव सांगितलास. तुझे कान असे झाल्यापासून आपल्याला कागदच बरा. प्रणाली तुझ्या कानाशी तोंड नेऊन वाचून दाखवते ना, तर तिला म्हणावं, सावकाश वाच, आजी कुठे पळत नाही.

मी बरी आहे, गुडघे सोडून. वाल यंदा चांगला आलाय. धर्माभाऊंच्या बाराव्याला तुला शेवटचं बघितलं ते दिवाळीआधी, तेव्हा धड बोलणंही झालं नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

गोदू, मी ब्लॉग सुरू करतेय. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली स्वतःची वही. वाचायला कुणीही येऊ शकतं, पण लिहायचं आपण एकट्याने. माझ्या जागी अंगणवाडीत आलेली अमिषा आहे ना, तिने तिच्या लॅपटॉपवर मला तो काढून दिला. नाव दिलं, अक्षर निवडलं, आणि मग त्या पानाने पहिलाच प्रश्न केला की तुमची ओळख करून द्या. तिथे आठ दिवस अडकून पडलेय.

सातवी झाल्यापासून मी लिहितेय, अठ्ठावन्न वर्षं झाली. गावातला एक अर्ज माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तालुक्याला गेला नाही. लग्नपत्रिका, मानपत्रं, नवरीचे उखाणे, सरपंचांचं झेंडावंदनाचं भाषण, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द, सगळं मी लिहिलं. आणि एवढ्या कागदांत एकाही कागदाखाली माझं नाव नाही. सही दुसऱ्याची, नाहीतर अंगठा. त्यामुळे आता ‘मी’ लिहायला बसले की लिहून काय होतं ऐक. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून अर्जदार तुळशी विनंती करते की...’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून तुळशी लिहिण्याचे योजिले आहे.’ अमिषा हसून लोळली. मला हसू आलं नाही.

मग मी विचार केला, आपण लेखिका आहोत असं म्हणायचं तर दाखवायचं काय? आणि तुझी पत्रं आठवली. ब्लॉगवर त्याबद्दल असं लिहिणार आहे:

‘माझी मैत्रीण गोदू. नवरा धर्मा मुंबईला गोदीत. घरात पत्र सांगायची सासू, सोनाबाई. ती ओटीवर बसून भात किती झालं, गाय व्याली का, कोण वारलं ते सांगे. गोदू दाराआड. लिहिलेलं सगळं मी सासूला मोठ्याने वाचून दाखवायचं, मग ते निळं आंतरदेशीय पत्र चिकटवायला घरी न्यायचं, ही रीत. पण त्या पत्राची एक घडी आत दुमडली जाते. ती मी कोरी ठेवी. वाचून झाल्यावर विहिरीवर गोदूला विचारी, यावर काय लिहू? गोदूला काही सुचत नसे. ती म्हणे, लिव काय ता. मग मी माझ्या मनाने लिही. मुंबईच्या खोलीत पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाई, पण ती घडी तिचा नवरा आधी फाडून खिशात घाली.’

धर्माभाऊंच्या पेटीत त्या फाडलेल्या घड्यांच्या अकरा पट्ट्या निघाल्या आणि प्रणालीने त्या इन्स्टाग्रामवर टाकल्या, हे मला अमिषाने दाखवलं. ‘आजीने आजोबांना सांगितलेल्या अकरा ओळी.’ त्यातल्या एका ओळीला चार हजार बदाम होते. ‘तुमचा सदरा धुतला नव्हता. आता धुवायला काढते, वास गेला.’ इतकी साधी ओळ, पण वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

मी रागावलेली नाही. पोरीला काय ठाऊक. पण ओळी माझ्या आहेत गोदू, आणि मरायच्या आधी एकदा तरी माझ्या लिहिण्याखाली माझं नाव बघायचंय मला. तुझी परवानगी दे. पाडव्याला पान उघडायचं ठरवलंय.

तुझी,
तुळशी

*

उरण
९ फेब्रुवारी २०२५

तुळशीस गोदूचा नमस्कार.

पत्र पोचलं. इकडे सगळे बरे हायत. निकेतने दुसरा ट्रेलर घेतला. तू ब्लॉग काढतेस तर काढ, पण माझं नाव त्यात घालायचं न्हाय. ती पत्रं माझ्या घरची हायत. गुडघ्याला तेल लाव.

गोदू

तुळशीआजी, मी प्रणाली. वरचं आजीने सांगितलं तेवढंच लिहिलं. खालचं मी तिला वाचून दाखवणार नाही. तुम्हीही असंच करायचात ना?

तुमचं पत्र मी तिच्या कानात ओरडून वाचलं. तिला दुसरं कसं ऐकू येणार? बाबा, आई, निकेतदादा, सगळे घरात होते. पॅसेजमधल्या शेजारणीनेही ऐकलं. ‘गोदूला काही सुचत नसे’ या वाक्याला आजीने डोळे मिटले. मी थांबायला हवं होतं, पण वाचत गेले. त्या दिवशी ती जेवली नाही. डोळे पुसते आणि म्हणते, रस्त्याची धूळ गेली. बाबा तिला काही विचारत नाहीत, त्याचंच तिला जास्त लागतंय.

आजीला लिहिता येत नाही हे आम्हाला माहीतच होतं. पण शब्द तिचे असतील असं वाटायचं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, माझी आजी बघा. आता मला एवढंच सांगा, त्यातला एकही शब्द तिचा नव्हता का?

*

बोर्ली पंचतन
१८ फेब्रुवारी २०२५

गोदू,

आणि प्रणाली, हे पत्र सगळं वाच. एक ओळ गाळू नको. याला आतली घडी नाही.

चूक माझी. पत्र कुणाच्या तोंडून वाचलं जाणार आणि ते ऐकायला कोण कोण बसणार, हे आधी बघायचं. लिहून देणाऱ्याचं पहिलं काम ते. सोनाबाईसमोर इतकी वर्षं मी एकदाही चुकले नाही, आणि आता म्हातारपणी तुझ्या नातवंडांसमोर तुला उघडं पाडलं. आपल्याच नादात होते. गोदू, मला माफ कर. कागदावर लिहून मागतेय, सहीसकट.

पण माफी मागितली म्हणजे मी म्हटलेलं खोटं होतं, असं नाही. तूच आठवून बघ. एक्क्याऐंशीचा शिमगा. धर्माभाऊ दोन वर्षं आले नव्हते. पैसे येत, माणूस येत नसे. गावात कुजबुज सुरू झालेली. सोनाबाईने पत्रात सांगितलं, सगळं क्षेम आहे, काळजी नसावी. मी विहिरीवर तुला विचारलं, घडीवर काय लिहू? तू घागर डोक्यावर घेतलीस आणि म्हणालीस, लिव काय ता. बास. त्या दिवशी घरी येऊन मी तीन वेळा खोडलं आणि मग लिहिलं, ‘देवाची पालखी आपल्या अंगणात येईल तेव्हा तिला खांदा द्यायला घरचा पुरुष लागतो. तुम्ही का आला नाहीत ते गावाला काय सांगू, तुम्हीच कळवा. तुम्ही लिहाल तेवढंच सांगेन.’

पालखीच्या आदल्या दिवशी ते आले. त्यांचं काम सुटलं होतं, उसनं करून पैसे पाठवत होते आणि तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे तूच मला नंतर सांगितलंस. त्यांना गावात आणलं ते मी लिहिलेल्या त्या एका घडीने. पालखी तुझ्या अंगणात नाचली तेव्हा मी कुडाला टेकून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. कुणाला सांगणार? हे मी केलं म्हणून कुणाला सांगता येत होतं?

पण तू नको म्हटलंस, तर नको. तुझ्याशिवाय ओळख लिहून बघितली. ‘मी अंगणवाडी सेविका होते, अर्ज लिहिते.’ वाचून मलाच जांभई आली. अमिषा म्हणते, थोडं थांबा, घाई कुठे आहे. घाई आहे. मी एकाहत्तर वर्षांची आहे. पाडव्याला ते पान उघडणार म्हणजे उघडणार, मग त्यावर एकच ओळ असली तरी चालेल. तुझं नाव नसेल. दिलेला शब्द मी मोडत नाही.

प्रणाली, तू विचारलंस त्याचं उत्तर तुझ्या आजीला विचार. माझ्याकडून पुन्हा ते नको.

तुळशी

*

उरण
१५ मार्च २०२५

तुळशे,

प्रणालीला सांगितलंय, मी बोलते तसं लिव, त्यात सुधारणा करू नको. महिना लावला उत्तराला. आधी राग शांत होईना, मग होळीची गडबड.

पैला राग सांगते. तू म्हणालीस मला सुचायचं न्हाय. मी विहिरीवर बोलायला लागले का बाया घागरी भरायच्या इसरायच्या, आणि मला नवऱ्याला सांगायला चार शब्द सुचले नसते व्हय? आठव, मी ‘लिव काय ता’ कवापासून म्हणायला लागले. तू सासरहून परत आलीस त्या सालापासून. वरीसभरात परत आलीस. का आलीस ते तू सांगितलं न्हाय आणि मी इचारलं न्हाय. तुझ्या वह्या तुझ्या भावाने बंबात घातल्या, ते मी बघितलंय. गावाचे अर्ज लिवायचीस, पण तुला आपलं असं लिवायला कोण व्हतं? ना नवरा, ना पोर. त्या घडीवर लिवायला बसलीस का तुझं तोंड उजळायचं. ते मला दिसायचं. म्हणून मी गप बसले. माझा नवरा तुला दिला, लिवण्यापुरता.

प्रणाली हसतेय. हस. खरंच दिला.

आणि हे काय भोळे न्हवते. शिमग्याला आले, त्या रातीच म्हणाले, घडीवरचं तुळशीचं ना? मी म्हटलं व्हय. तर म्हणाले, मला ठाव व्हतं, पण सदऱ्याचं तुझं. तुळशे, सदऱ्याचं मी सांगितलेलं. तू म्हणतेस तुझ्या अंगावर काटा आला. माझ्या नवऱ्याचा सदरा तू कवा हुंगलास, ते सांग मला. बाकीच्या दहा तुझ्या. मी मोजून ऐकल्यात प्रणालीकडून, पुन्ना पुन्ना. पण ती एक तुझ्या नावावर घातलीस तर उरणहून एष्टीत बसून येईन.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र आलं तवा मी रडले, ती काय तुझ्यावर न्हाय. पेटी उघडली तवा हर्षद जेवताना म्हणाला, आये, तुला एवढं यायचं? त्याच्या तोंडाकडे बघून मी व्हय म्हटलं. माझा लेक पन्नाशीला आला. माझ्याकडं असं कवा बघितलं नव्हतं त्याने. जेवण वाढणारी, भांडी घासणारी बाय मी. पैल्यांदा घरात सगळे माझं ऐकायला बसले. तीन महिने मी खोटं बोलत व्हते आणि मला बरं वाटत व्हतं. मग तुझं पत्र आलं आणि ते सगळं गेलं. तुझा त्यात काय दोष?

परवा होळीला सगळे घरी व्हते. पुरणपोळी पानात पडली आणि मी सांगून टाकलं, शब्द तुळशीचे, नवरा माझा. सून ठसका लागेस्तोवर हसली. हर्षद जेवून उठला आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. बस झालं मला.

तर माझं नाव घाल. पाडव्याला उघड. आणि अर्धं तोंड झाकून लिवू नको. सासरहून परत आलीस ते पन लिव. तुला कोण काय करणार हाय आता?

गोदू

तुळशीआजी, इन्स्टाग्रामवर मी दुरुस्ती करतेय. एक ओळ आजीची, दहा तुमच्या. पण तिथे तुमचं पूर्ण नाव हवं. आजीला विचारलं तर म्हणते, तुळशीच, तिला दुसरं काय नाव लागलंच न्हाय कवा. लवकर कळवा. प्रणाली.

*

बोर्ली पंचतन
३० मार्च २०२५, पाडवा

प्रिय गोदू,

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी काही लिहिलं नाही. जेवले, झोपले, अमिषाने हाक मारली की बरं नाही म्हणून सांगितलं. सदऱ्याची ओळ हातची गेली ना. मी लेखिका आहे याचा एकच पुरावा होता माझ्याकडे, आणि तो तुझा निघाला. मग आठवत गेले. तू दोर ओढत होतीस, माझ्याकडे बघत नव्हतीस, आणि बोललीस. तुझ्याच तोंडचं होतं ते. मी फक्त उतरवलं, आणि पुढे चाळीस वर्षं माझंच म्हणून उराशी धरलं. मुद्दाम केलं नाही गं. इतकं आवडलं होतं की मला ते माझंच वाटायला लागलं. चार हजार बदाम तुझ्या नावे.

आणि दुसरं, तुझ्या गप्प बसण्याचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला. माझी कीव केलीस असं वाटलं, आणि कीव मला कुणाचीच सोसत नाही, भावाची नाही, नवऱ्याची नाही. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं. कीव करणारी बाई आपल्या नवऱ्याची पत्रं दुसरीच्या हातात देत नाही. तू मला लिहायला जागा दिलीस. घरात सासू, दारात गाव, आणि तुझ्या स्वतःच्या वाट्याला काय तर पत्राची एक घडी. तीसुद्धा मला देऊन टाकलीस. मला हे कळायला पन्नास वर्षं लागली, आणि मी गावात सगळ्यांत शहाणी समजली जाते.

पाचव्या दिवशी ओळख लिहायला बसले. या वेळी ‘महोदय’ आलं नाही.

आज सकाळी गुढी उभारली. अमिषा आली. तिने सगळं जुळवून दिलं आणि म्हणाली, आजी, आता हे बटण दाबलं की झालं. मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. ती म्हणाली, मी दाबू? मी म्हटलं, हात लावायचा नाही. मी दाबलं.

प्रणालीला सांग, नाव खाली आहे, तसंच्या तसं घाल. तिने तुला हे मोठ्याने वाचून दाखवावं. शेजारणीनेही ऐकलं तर ऐकू दे.

‘मी तुळशी रावजी खोपकर. वय एकाहत्तर, शिक्षण सातवी. लग्न होऊन वर्षभरात माहेरी परत आले. का आले, ते मी ठरवीन तेव्हा सांगेन, विचारू नये. अंगणवाडीत एकतीस वर्षं काम केलं. अठ्ठावन्न वर्षं लिहितेय. बोर्ली भागातल्या तुमच्या घरात एखादी जुनी लग्नपत्रिका असेल किंवा मंजूर झालेला एखादा अर्ज असेल, तर तो बहुतेक माझ्या हातचा. नामंजूर झालेलेही माझेच.

माझी मैत्रीण गोदू हिच्या नवऱ्याला मी दहा ओळी लिहिल्या. तिने लिहू दिल्या म्हणून लिहिल्या. माझं स्वतःचं असं लेखन तिथून सुरू झालं. त्यांच्यासोबत एक अकरावी ओळ आहे, ती सर्वांत चांगली आहे आणि ती गोदूची आहे. मी तिची लेखनिक होते. तेही काम मी नीट केलं.

इथे काय लिहीन ते अजून मला पुरतं ठाऊक नाही. दुसऱ्याच्या तोंडचं लिहिताना कधी अडले नाही. माझ्या तोंडचं लिहिताना अडते, खोडते, पुन्हा लिहिते. हे पान लिहायला मला दोन महिने लागले. पुढचं याहून लवकर जमेल की नाही, सांगता येत नाही, पण लिहिणार.

आजवर माझ्या लिहिण्यात काही चुकलं की लोक सही करणाऱ्याला बोलत आणि मी बाजूला उभी राहून ऐकत असे. इथे सही माझी आहे. काही खोटं वाटलं, कुणाला लागलं, तर मला बोला. घर कुणालाही विचारा, मी घरीच असते.

तुळशी रावजी खोपकर’